शंखोदक आणि शिक्का

थायलंडात विवाहाच्या दिवशी भल्या पहाटे भिक्षूंचे पाली सूत्रपठण होते, घरच्या मंडळींनी त्यांच्या पात्रांत भिक्षान्न घातले की थोड्याच वेळाने ढोलांच्या गजरात वराकडची मिरवणूक वधूच्या दारी येते, आणि त्या मिरवणुकीत केळीचे व उसाचे खुंट, मिठाईची ताटे आणि पान-सुपारीची तबके इतक्या मानाने आणली जातात, की साऱ्या मिरवणुकीलाच ‘खान माक’, म्हणजे सुपारीचे तबक, असे नाव पडले आहे. दाराशी वधूकडची माणसे सोन्याचांदीच्या साखळ्या आडव्या धरून वाट अडवतात आणि वराने पाकिटे देऊन ती मोकळी करून घ्यायची असते. आत गेल्यावर ‘सिन सोत’ या नावाने वधूच्या आईवडिलांना द्यावयाचे धन सर्वांच्या देखत मांडले जाते. आणि पुढे वधूवरांची मस्तके पांढऱ्या सुताच्या जोडवळ्याने, ज्याला थाई भाषेत ‘मोंगखोन’, अर्थात आपलेच ‘मंगल’, म्हणतात, एकमेकांस जोडून त्यांना शेजारी बसवतात व कुटुंबातील वडीलधारी माणसे एकामागून एक पुढे येऊन त्यांच्या जोडलेल्या हातांवर शंखातून पाणी सोडतात. उत्तरेकडे आणि ईसान नावाच्या ईशान्य मुलखात या शंखोदकापेक्षा मनगटाला पांढरे सूत बांधण्याला अधिक मान आहे. परंतु सूत असो की शंख, त्या दिवसापासून सारे गाव त्या दोघांना पती-पत्नी म्हणून ओळखू लागते, आणि ती ओळख मरेपर्यंत पुसली जात नाही.

अशा जोडप्यांपैकी कित्येकांनी तालुक्याच्या कचेरीत, ज्याला तेथे ‘आम्फो’ म्हणतात, पाऊलही टाकलेले नसते. दहा-बारा वर्षे सुखाने संसार होतो, मुले शाळेत जाऊ लागतात, आणि मग एके दिवशी परदेशी असलेल्या बहिणीला भेटण्याचा, एखाद्या नोकरीचा किंवा नुसत्याच देशाटनाचा योग येतो, व्हिसाचा अर्ज समोर येतो, आणि नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ हे रकाने भराभर भरून झाल्यावर लेखणी एका लहानशा रकान्यापाशी थबकते: वैवाहिक स्थिती. विवाहित लिहावे, तर दाखला नाही. अविवाहित लिहावे, तर ज्या आईवडिलांनी हातांवर पाणी सोडले त्यांच्यादेखत आपण खोटे बोलत आहोत असे वाटते. या एका रकान्याने थाई कुटुंबांना जेवढा मनस्ताप दिला आहे तेवढा तो वरवर पाहता द्यावा असे त्यात काही दिसत नाही. परंतु त्याच्या मुळाशी विवाह म्हणजे काय, तो कोण घडवतो आणि तो घडल्याची ग्वाही कोणी द्यावयाची, हा जुना व गंभीर प्रश्न आहे, आणि तो नीट समजून घेतल्यावाचून त्या रकान्यातील उत्तरही नीट सापडत नाही.

थाई भाषेत विवाहाला दोन शब्द आहेत. बोलण्यातला शब्द ‘तेंग-ङान’. तो समारंभाला, मिरवणुकीला, जेवणावळीला लागतो. दफ्तरातला शब्द ‘सोमरोत’. तो आपल्या संस्कृत ‘समरस’ या शब्दाचेच थाई रूप आहे. पतीला औपचारिक भाषेत ‘सामी’ म्हणतात, तो आपला स्वामी. पत्नीला ‘फनराया’ म्हणतात, ती आपली भार्या. शब्दांचे हे नाते पाहून मराठी वाचकाला ही सारी व्यवस्था ओळखीची वाटेल. परंतु कायद्याच्या बाबतीत ही ओळख फसवी आहे, कारण शब्द जरी एकाच गंगोत्रीतून आलेले असले तरी विवाह सिद्ध होण्याची रीत दोन्हीकडे अगदी भिन्न आहे.

थायलंडच्या दिवाणी व व्यापारी संहितेतील कलम १४५७ असे सांगते, की या संहितेखालील विवाह नोंदणी झाल्यानेच होतो. आणि त्यापुढील कलमानुसार विवाहास उभयतांची संमती नोंदणी अधिकाऱ्यासमोर उघडपणे व्यक्त व्हावी लागते व त्याने ती लिहून घ्यावी लागते. म्हणजे नोंदणी हा तेथे विवाहाचा पुरावा नसून तोच विवाह आहे. भिक्षूंचे पठण, शंखोदक, सुताची गाठ, शेकडो माणसांची पंगत यांतील कशालाही कायद्याच्या दृष्टीने विवाह घडवण्याचे सामर्थ्य नाही. आणि याच्या उलट, कोणताही समारंभ न करता दोन साक्षीदारांसह कचेरीत जाऊन अर्ध्या तासात सह्या करून आलेले जोडपे पूर्णपणे विवाहित ठरते.

ही व्यवस्था फार जुनी नाही. १८०५ साली चक्री वंशाच्या पहिल्या राजाने संकलित करवलेली ‘तीन मुद्रांची संहिता’ हीच एकोणिसाव्या शतकात सयामची, म्हणजे आजच्या थायलंडची, मुख्य विधिसंहिता होती, आणि तिच्यात बहुपत्नीत्व मान्य असून पत्नींचे तीन वर्ग सांगितलेले होते: आईवडिलांनी दिलेली, नंतर स्वतः पत्करलेली, आणि मूल्य देऊन सोडवून आणलेली दासी. त्या काळी विवाह ठरत असे तो वडीलधाऱ्यांच्या संमतीने, देण्याघेण्याने आणि एकत्र नांदण्याने. त्याची नोंदवही नव्हती. पुढे १८५५ साली इंग्लंडशी बाऊरिंग तह झाला, मागोमाग इतर पाश्चात्त्य राष्ट्रांशीही तसेच तह झाले, आणि त्या राष्ट्रांच्या प्रजाजनांवर सयामच्या न्यायालयांचा अंमल चालेनासा झाला. हा गेलेला अधिकार परत मिळवावयाचा तर युरोपीय धर्तीच्या आधुनिक संहिता करणे भाग होते. संहितेचे पहिले खंड १९२० नंतरच्या दशकात पार पडले. कुटुंबाचा खंड मात्र अडून राहिला, कारण राज्यकर्त्या वर्गात एकपत्नीत्वाचा कायदा करावा की न करावा याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. १९३२ साली राज्यक्रांती होऊन राजाची अनियंत्रित सत्ता संपली, आणि त्यानंतर तीन वर्षांनी, बुद्धसंवत २४७८ मध्ये, म्हणजे १९३५ साली, १ ऑक्टोबरपासून कुटुंबाचा खंड अंमलात आला. एकपत्नीत्व स्वीकारले गेले, आणि अनेक स्त्रियांपैकी पत्नी कोण हे निर्विवाद ठरावे यासाठी नोंदवहीतील नाव हीच कसोटी झाली. त्या दिवसापूर्वी जुन्या रीतीने झालेले विवाह कायम राहिले; त्यानंतरचे मात्र नोंद असेल तरच विवाह.

कायदा असा एका दिवसात पालटला. वहिवाट पालटली नाही. सामान्य थाई माणसाच्या मनात विवाह म्हणजे आजही आईवडिलांसमोर, भिक्षूंसमोर आणि गावासमोर घडलेली गोष्ट आहे, आणि कचेरीत जाणे हे त्यानंतर, सवडीने, जमल्यास करावयाचे काम आहे. ते पुढे ढकलण्याची इतर कारणेही आहेत, आणि ती क्षुल्लक नाहीत. नोंदणीनंतर मिळवलेली मालमत्ता उभयतांची समाईक होते, जमीन किंवा घर विकताना वा गहाण टाकताना दुसऱ्याची संमती लागते, आणि संसारासाठी किंवा दोघांच्या धंद्यासाठी काढलेले कर्ज दोघांच्याही माथी बसते. म्हणून लहान दुकान चालवणाऱ्या, बाजारात उधारीवर माल घेणाऱ्या कित्येक जोडप्यांना दोन खाती, दोन नावे आणि दोन जबाबदाऱ्या वेगळ्या ठेवणेच सुरक्षित वाटते. पूर्वी नोंदणी झाली की स्त्रीच्या नावामागे ‘नांगसाओ’ जाऊन ‘नांग’ ही विवाहितेची उपाधी लागे, आणि ओळखपत्रापासून बँकेच्या पुस्तकापर्यंत सर्व कागद बदलावे लागत. २००८ च्या कायद्याने कोणती उपाधी ठेवावी हे विवाहित स्त्रीच्या इच्छेवर सोडले. काहींच्या बाबतीत पहिला, नोंदलेला विवाह मोडून निराळे राहणे सुरू झालेले असते, पण घटस्फोटाची नोंद झालेली नसते, आणि म्हणून दुसऱ्या विवाहाची नोंद होऊच शकत नाही. आणि समलिंगी जोडप्यांना तर २०२५ च्या जानेवारीत समान विवाहाचा कायदा अंमलात येईपर्यंत कचेरीचा दरवाजाच बंद होता. त्यांनी कितीही थाटाने समारंभ केला तरी दफ्तरात ती अविवाहितच राहत.

या जोडप्यांकडे राज्यसंस्था काणाडोळा करते असे मात्र नाही. २००७ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात, विवाहाची नोंद न करता पती-पत्नीप्रमाणे एकत्र राहणाऱ्यांचा कुटुंबातील व्यक्तींत स्पष्ट समावेश आहे. भ्रष्टाचारविरोधी कायद्याखाली उच्चपदस्थांना आपल्या मालमत्तेचे जे विवरण द्यावे लागते त्यात अशा अनोंदित जोडीदाराची मालमत्ताही दाखवावी लागते. आणि दोघांच्या कष्टाने उभी राहिलेली मिळकत न्यायालये दोघांच्या सहमालकीची धरतात. बँकांच्या अर्जांतही विवाहित-नोंदणीसह आणि विवाहित-नोंदणीविना असे दोन वेगळे रकाने आढळतात. परंतु वारसाहक्क येतो तेव्हा ही सहानुभूती थांबते: मृत्युपत्र नसेल तर अनोंदित जोडीदार कायद्याने वारस होत नाही. मुलांच्या बाबतीत तर फरक जन्मापासूनच पडतो. आईवडिलांच्या विवाहाची नोंद नसेल तर मूल कायद्याने आईचे औरस अपत्य. पित्याचे ते औरस ठरते आईवडिलांनी पुढे विवाह नोंदवला तर, किंवा पित्याने त्याची स्वतंत्र नोंद केली तर, किंवा न्यायालयाने तसे ठरवले तर.

येथे मराठी वाचकाने आपल्या घरच्या कायद्याशी ही स्थिती ताडून पाहावी, म्हणजे तिचे वेगळेपण लक्षात येईल. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार विवाह परंपरागत विधींनी होतो, सप्तपदी हा त्या विधींचा भाग असेल तर सातवे पाऊल टाकताच तो पूर्ण होतो, आणि नोंद झाली नाही म्हणून तो निष्फळ होत नाही. नोंदणी हा पुरावा आहे. म्हणून सातारा किंवा नागपूरकडचे एखादे जोडपे, ज्याच्याजवळ लग्नपत्रिका व छायाचित्रे आहेत पण नोंदणीचा दाखला नाही, ते अर्जात विवाहित असे लिहिते आणि ते खरेच लिहिते. त्याची अडचण फक्त पुराव्याची असते. गोव्यात मात्र पोर्तुगीज अंमलापासून चालत आलेला नागरी कायदा आहे, आणि तेथे प्रथम निबंधकासमोर विवाहाचा इरादा जाहीर करून मागाहून पुन्हा येऊन सही केल्यावाचून हिंदू जोडप्याचाही विवाह कायद्याने पुरा होत नाही. मांडवात अक्षता पडल्या तरी कचेरीतील दुसऱ्या सहीची वाट गोमंतकीय कुटुंबे पाहतात. थाई व्यवस्था सातारा-नागपूरपेक्षा गोव्याला जवळची आहे, आणि महाराष्ट्रातील माणसाने आपल्या अनुभवावरून थाई मित्राला ‘समारंभ झाला आहे ना, मग विवाहित लिही’ असा सल्ला दिला, तर तो प्रेमाने दिलेला पण चुकीचा सल्ला ठरेल.

आता त्या रकान्याकडे वळू. परराष्ट्राचा अधिकारी हा प्रश्न का विचारतो? एक कारण ओळखीचे: अर्जदार नेमका कोण, त्याच्यावर कोण अवलंबून आहे आणि पुढे कोण त्याच्यामागून येऊ शकेल, याची नोंद त्याला ठेवावयाची असते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे: पाहुणा म्हणून जाऊ इच्छिणारा माणूस परत येईल की नाही, हे त्याला ताडावयाचे असते, आणि घरी जोडीदार, मुले, शेत, दुकान असणे ही परतीची सर्वांत भक्कम हमी असते. म्हणून हा प्रश्न अर्जदाराच्या पावित्र्याची परीक्षा पाहण्यासाठी विचारलेला नसतो. त्याच्या आयुष्याची मुळे कोठे रुजली आहेत हे जाणण्यासाठी विचारलेला असतो. हा हेतू ध्यानात ठेवला, की उत्तराची दिशा आपोआप दिसू लागते.

एखाद्या देशात झालेला विवाह वैध आहे की नाही हे सामान्यतः तो जेथे झाला त्या भूमीच्या कायद्याने ठरते, असा बहुतेक राष्ट्रांचा दंडक आहे. म्हणून थायलंडातच झालेल्या, पण न नोंदलेल्या समारंभाला लंडन, वॉशिंग्टन किंवा पॅरिस येथील कचेरी विवाह म्हणून मान्यता देत नाही. आणि ज्या अर्जात विवाहित हे उत्तर दाखल्याच्या बळावर तपासले जाते, तेथे ते उत्तर देणे म्हणजे नसलेल्या कागदाची ग्वाही देणे होय. परंतु अविवाहित हा शब्दही सर्व अर्जांत सारख्याच अर्थाने येत नाही, आणि म्हणून ज्या देशाकडे जावयाचे त्या देशाच्या अर्जातील पर्याय नीट वाचणे अगत्याचे आहे.

ब्रिटनच्या अर्जात विवाहित आणि एकटा यांच्याखेरीज ‘अविवाहित जोडीदार’ असा स्वतंत्र पर्याय दिलेला असतो, आणि वर्षानुवर्षे संसार करणाऱ्या अनोंदित थाई जोडप्याचे खरे स्थान तेथेच आहे. ब्रिटनमध्ये कायम राहणाऱ्या जोडीदाराकडे जावयाचे असेल तर हे नाते विवाहासारखे असून किमान दोन वर्षांचे आहे हे सिद्ध करावे लागते. २०२४ पासून ती दोन वर्षे एकाच छपराखाली काढली असलीच पाहिजेत अशी अट उरलेली नाही. ऑस्ट्रेलियात विवाहाबाहेरच्या अशा सहजीवनाला कायद्यातच नाव आहे, आणि जोडीदाराच्या व्हिसासाठी ते साधारणतः अर्जापूर्वी बारा महिने चाललेले असावे लागते. कॅनडात सलग एक वर्ष एकत्र राहिलेले जोडपे याच प्रकारात येते. म्हणजे या तीन देशांत थाई जोडप्याने आपला संसार लपवण्याचे किंवा त्याला नसलेल्या विवाहाचे नाव देण्याचे काहीच कारण नाही. त्यांच्यासाठी रकाना अगोदरच तयार आहे.

युरोपातील शेंगेन राष्ट्रांच्या सामाईक अर्जात एकटा, विवाहित, विभक्त, घटस्फोटित, विधुर अथवा विधवा यांच्याबरोबर ‘नोंदणीकृत सहजीवन’ असाही पर्याय आहे, आणि त्यावर खूण करण्याचा मोह होतो. परंतु तो पर्याय सरकारी नोंद झालेल्या सहजीवनासाठी आहे, आणि थायलंडात तशी नोंद अस्तित्वातच नाही. अशा जोडप्याने एकटा हा पर्याय निवडावा, किंवा ‘इतर’ निवडून तेथेच एका ओळीत खुलासा करावा. अमेरिकेच्या अर्जात विवाह न करता पती-पत्नीप्रमाणे राहण्याच्या एका प्रकाराचे नाव दिलेले असते. परंतु तो प्रकार ज्या भूमीचा कायदा त्याला विवाहाचे बळ देतो तेथेच लागू पडतो, आणि थाई कायदा तसे बळ देत नाही. तेथेही अविवाहित हेच कायद्याला धरून असलेले उत्तर आहे, किंवा इतर हा पर्याय घेऊन सोबत खुलासा.

अमेरिकेच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. जो थाई माणूस स्थलांतराचा व्हिसा मिळवून तेथे जातो त्याच्याबरोबर पत्नी किंवा पती म्हणून कायदेशीर जोडीदारच जाऊ शकतो. बारा वर्षांचा अनोंदित संसार तेथे उपयोगी पडत नाही, आणि नोंदणी वेळेवर न केल्याचे दुःख जोडपी तेथेच भोगतात. याच्या उलट, अमेरिकन नागरिकाची वाग्दत्त वधू वा वर म्हणून जो व्हिसा मिळतो त्यासाठी दोघेही कायद्याने विवाह करण्यास मोकळे असावे लागतात व तेथे पोचल्यावर ९० दिवसांत विवाह करावा लागतो. आणि अशा अर्जासोबत गावी झालेल्या थाटामाटाच्या विवाहाची छायाचित्रे जोडली गेली, तर ही माणसे आधीच विवाहित नाहीत ना, असा प्रश्न साहजिकच उभा राहतो. त्या वेळी आम्फोचा अविवाहितपणाचा दाखला, त्याचा प्रमाणित अनुवाद आणि समारंभ पारंपरिक होता, नोंदणी झालेली नाही, असा स्पष्ट खुलासा हे तिन्ही हाताशी असावे लागतात. हा दाखला आम्फोची कचेरी नोंदवही तपासून व साक्षीदारांना विचारून देते, आणि परदेशात वापरावयाचा असेल तर बँकॉकमधील च्येंग वत्थना मार्गावर असलेल्या परराष्ट्र खात्याच्या कचेरीत तो प्रमाणित करून घेता येतो.

काही माणसांच्या बाबतीत खरी चूक ‘अविवाहित’ आणि ‘विवाहित’ यांच्यात होत नाही. ती त्यांच्या पूर्वायुष्यात दडलेली असते. ज्याचा पहिला विवाह नोंदलेला होता आणि ज्याने घटस्फोटही नोंदवला आहे, तो आज कोणाबरोबर कितीही वर्षे राहत असला तरी कायद्याने घटस्फोटित आहे, आणि अविवाहित लिहिणे त्याच्याबाबतीत असत्य आहे. ज्याने पहिल्या पत्नीशी काडीमोड केला पण घटस्फोटाची नोंद केली नाही, तो दफ्तरात अजून तिचाच पती आहे. संमतीचा घटस्फोटही थाई कायद्याने लेखी, दोन साक्षीदारांसमक्ष आणि नोंद झाल्यावरच पुरा होतो. अशा माणसाला कोणताही अर्ज भरण्यापूर्वी जुनी नोंद मिटवणे हेच पहिले काम आहे. आणि जिचा अनोंदित पती वारला, ती स्वतःला विधवा म्हणते, गाव तिला विधवा म्हणते, परंतु कायद्याच्या भाषेत तिचा विवाहच झालेला नाही. तिने अर्जात अविवाहित लिहून खुलाशात जोडीदाराच्या मृत्यूची हकिकत द्यावी. हा नियम कठोर आहे हे मान्य केलेच पाहिजे. परंतु तिचे दुःख खुलाशाच्या चार ओळींत सन्मानाने मांडता येते.

दक्षिणेकडील पत्तानी, याला, नराथिवात आणि सातून या चार प्रांतांतील मुसलमानांची गोष्ट निराळी आहे. १९४६ च्या एका कायद्याने त्यांच्या कौटुंबिक व वारसाविषयक दाव्यांत तेथील न्यायालये इस्लामी कायदा लावतात, आणि त्यासाठी न्यायाधीशांबरोबर इस्लामी विधिज्ञही बसतो. म्हणून त्या प्रांतांतील निकाहाला जे वजन आहे ते बँकॉकमधील बौद्ध जोडप्याच्या समारंभाला नाही, आणि तेथील अर्जदाराने निकाहाचा दाखला व स्थानिक कचेरीचे मत यांवाचून घाईने उत्तर लिहू नये.

मुले बरोबर न्यावयाची असली म्हणजे आणखी एक कागद लागतो. आईवडिलांची नोंद नसेल तर कायद्याने पालकत्वाचा अधिकार एकट्या आईकडे असतो. म्हणून वडिलांबरोबर किंवा आजीबरोबर मूल परदेशी जात असेल तर आईची लेखी संमती, आणि आई एकटी घेऊन जात असेल तर विवाहाची नोंद नाही व मूल तिच्याच ताब्यात आहे असे आम्फोने साक्षीदारांचे जबाब घेऊन दिलेले प्रमाणपत्र मागितले जाते. जन्मदाखल्यावर वडिलांचे नाव आहे एवढ्याने हे काम भागत नाही, ही गोष्ट पुष्कळ कुटुंबांना विमानतळावर पोचण्याच्या आदल्या आठवड्यात कळते.

या साऱ्या तपशिलातून मला जे सांगावयाचे आहे ते एकच आहे. अशा जोडप्याच्या आयुष्यात दोन सत्ये आहेत, एक दफ्तराचे आणि एक घराचे, आणि प्रामाणिक अर्ज तो, की ज्यात दोन्ही सत्ये आपापल्या जागी लिहिलेली असतात. रकान्यात दफ्तराचे सत्य लिहावे, आणि सोबतच्या पत्रात घराचे: अमुक वर्षी, अमुक गावी, थाई रीतीप्रमाणे आमचा विवाह समारंभ झाला, त्याची आम्फोत नोंद केलेली नाही, तेव्हापासून आम्ही एकत्र राहतो, आम्हांला इतकी मुले आहेत व ती या काळात घरी राहणार आहेत. त्याबरोबर दोघांची नावे असलेली घरनोंदवही, मुलांचे जन्मदाखले, सामाईक खात्याचा उतारा आणि समारंभाची दोन छायाचित्रे जोडावीत. जे निव्वळ अविवाहित लिहून जोडीदाराचे नावच गाळतात, ते परतीची आपली सर्वांत मोठी हमी आपल्याच हाताने खोडून टाकतात; आणि पुढल्या वर्षी जोडीदारासह अर्ज करताना आदल्या वर्षीचा तो कोरा रकाना त्यांच्याविरुद्ध साक्ष देतो. जे दाखल्यावाचून विवाहित लिहितात, त्यांच्याकडे दाखला मागितला जातो आणि तो देता आला नाही की साऱ्या अर्जावरचाच विश्वास उडतो.

हा विश्वास उडणे किती महाग पडते हे ठाऊक असावे. ब्रिटन फसवणुकीच्या कारणावरून अर्ज नाकारते तेव्हा दहा वर्षांपर्यंत प्रवेशबंदी घालू शकते. ऑस्ट्रेलियात खोट्या माहितीबद्दल तीन वर्षे व्हिसा नाकारला जाऊ शकतो. अमेरिकेच्या कायद्यात जाणूनबुजून केलेल्या महत्त्वाच्या असत्य निवेदनाची अपात्रता, विशेष सूट न मिळाल्यास, जन्मभर राहते. अनवधानाची चूक आणि फसवणूक यांत भेद आहे, आणि तो दाखवून देण्याचे सर्वोत्तम साधन म्हणजे अर्जासोबत पहिल्याच दिवशी दिलेला खुलासा. मागाहून दिलेला खुलासा बचाव वाटतो, आधी दिलेला निवेदन ठरतो.

बँकॉकच्या बांग राक या विभागाच्या नावात ‘राक’, म्हणजे प्रेम, हा शब्द आहे, आणि तेवढ्याच कारणाने दर वर्षी १४ फेब्रुवारीला तेथील कचेरीत विवाहाची नोंद करण्यासाठी पहाटेपासून जोडप्यांच्या रांगा लागतात. त्या रांगेत नवी जोडपी असतात तशी पुष्कळ वर्षे संसार केलेलीही असतात, आणि त्यांना पाहून शंखोदक व शिक्का यांत वैर मानण्याचे कारण नाही हे पटते. ज्यांना नोंद करावयाची नाही त्यांचा तो हक्क आहे, आणि त्यांनी वर सांगितल्याप्रमाणे दोन्ही सत्ये लिहून निश्चिंत मनाने प्रवासाला निघावे. परंतु जी जोडपी केवळ सवड मिळाली नाही म्हणून राहून गेली आहेत, त्यांना कळकळीने सांगावेसे वाटते, की मुलांच्या हक्कासाठी, उद्याच्या वारसासाठी आणि परदेशातील त्या एका रकान्यासाठी एक सकाळ काढा. थायलंडातील कोणत्याही आम्फोत ही नोंद करता येते. ओळखपत्रे आणि दोन साक्षीदार एवढेच बहुधा लागतात, आणि कचेरीत जाऊन केलेल्या नोंदीला शुल्क पडत नाही.